रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं: अस्सल छाप कशी ओळखायची, आणि वरचं जरीकाम ठेवायचं की काढायचं?

शुभदा_वाई

नमस्कार मंडळी,

वाईच्या आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या आणि माजघरातल्या दोन तसबिरी माझ्याकडे आल्या. एक कमळावर उभी असलेली लक्ष्मी, दुसरी वीणा घेतलेली सरस्वती. लक्ष्मीच्या साडीवर खरं रेशमी कापड चिकटवलंय आणि त्यावर जर, टिकल्या, बारीक मणी शिवलेत. सरस्वती साधीच आहे, पण तिचे रंग जास्त ताजे दिसतात. दोन्हींच्या चौकटी सागवानी, मागे पातळ फळी आणि गंजलेले चुके.

पुण्यात दोन विक्रेत्यांना फोटो दाखवले. एक म्हणाला, दोन्ही अस्सल रविवर्मा प्रेस आहेत, लगेच घेतो. दुसरा म्हणाला, जरीने चित्राची वाट लागलीय, ती काढून आणा, मग भाव बोलू. विकायचं माझ्या मनात नाही. जरीकाम पणजीने आणि तिच्या जावांनी मिळून केलं असं घरात सांगतात. ते उचकटायला माझा हात धजत नाही, आणि धजू नये असंच मला वाटतं.

पण चित्रं नक्की कधीची आणि कुठली, हे समजून घ्यायचंय. घरच्या घरी तपासता येतं का? आणि जरीकामाबद्दल जाणकारांचं काय मत?

---

भिंगवाला

ताई, घरच्या घरी बरंच तपासता येतं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग आणा. चौकट उघडू नका, काचेवरूनच बघा. चेहरा, आकाश, साडीच्या सावल्या, जिथे एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळतो अशा जागा निवडा.

ही जुनी चित्रं शिळाछापाची. बव्हेरियातून आणलेल्या चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर चरबीयुक्त शाईने आणि खडूने चित्र उतरवायचं. दगड ओला केला की तेलकट शाई फक्त त्या रेघांना आणि ठिपक्यांना धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकापाठोपाठ एक छाप. त्यामुळे भिंगाखाली दिसतात ते ठिपके कारागिराच्या हातचे असतात: कुठे दाट, कुठे विरळ, लहानमोठे, वेडेवाकडे. एखाद्या कडेला गुलाबी रंग रेषेबाहेर केसभर सरकलेलाही दिसेल.

नंतरच्या ऑफसेट छपाईत यंत्राने पाडलेली जाळी असते. एकसारख्या अंतरावर ठिपके आणि चार रंगांच्या ठिपक्यांची छोटी छोटी फुलं. ती दिसली की जुन्या दगडावरची छपाई नव्हे, मग कागद कितीही पिवळा असो.

आणखी एक. ओलिओग्राफ म्हणजे शिळाछापावर वार्निश चढवून, दाबाने कॅनव्हाससारखी वीण उठवलेलं चित्र. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून. बॅटरीचा उजेड बाजूने पाडलात तर वीण दिसेल. पण प्रत्येक जुन्या चित्रावर ती असतेच असं नाही, त्यामुळे वीण नाही म्हणून नकली असं धरू नका.

---

तांब्याभांडं

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). आमच्या देवघरातला दत्त आज संध्याकाळीच भिंगाखाली येणार. देवा, क्षमा कर!

---

मळवलीचा_पाव्हणा

शुभदाताई, चित्राच्या खालच्या समासातली बारीक अक्षरं वाचा. काळ ठरवायला तिथूनच सुरुवात होते.

रविवर्मा आणि त्याचा धाकटा भाऊ राजा वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. पुढे मुंबईत प्लेग आला, धंद्यात कर्ज वाढलं आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलला. लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन, कार्ले-भाज्याला जाताना उतरतो तेच. थोड्याच वर्षांत रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायखर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, तरी छापखाना पुढे कित्येक दशकं त्याच्याच नावाने चालू राहिला. १९७२ मध्ये आग लागून फार नुकसान झालं.

म्हणजे खाली कार्ला, लोणावळा किंवा मळवली असं काही असेल तर चित्र १८९९ नंतरचं. 'रविवर्मा प्रेस' एवढ्यावरून ते त्याच्या हयातीतलं ठरत नाही, आणि मूळ चित्र त्याचंच होतं असंही ठरत नाही. चित्रकार धुरंधरांची चित्रंही इथे छापली गेली. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी या प्रेससाठी काम केलंय.

लोणावळ्याला चिक्की घ्यायला थांबणाऱ्यांना मी दरवेळी हे सांगतो. चिक्की संपते, माझं संपत नाही असं बायको म्हणते.

---

शनिवारवाडा_मागे

जुनं छापील देवाचं चित्र दिसलं की लोक डोळे मिटून 'रविवर्मा' म्हणतात, याचा मला मनापासून राग आहे. पुण्याचा चित्रशाळा हा छापखाना १८७८ चा! म्हणजे रविवर्मा प्रेसच्या १६ वर्षं आधीचा. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांत. देवादिकांबरोबर पेशवाईतल्या माणसांची चित्रं त्याने घरोघरी नेली. त्याच वर्षी कलकत्त्यालाही आर्ट स्टुडिओ निघाला. घाटकोपरला वेगळे छापखाने होते. शिवाय जर्मनीत छापून आलेली आपल्या देवांची चित्रंही बाजारात भरपूर होती.

विक्रेत्याला 'रविवर्मा' म्हटल्यावर भाव मिळतो, म्हणून खालची ओळ चौकटीआड दडवणारेही आहेत. समास कापलेलं चित्र दिसलं की मी आधी विचारतो, का कापला?

---

हिरवी_काच

जरीकामाबद्दल माझं मत वेगळं आहे. राग मानू नका. जुन्या छपाईचा अभ्यास करणाऱ्याला चित्र जसं छापखान्यातून निघालं तसं हवं असतं. कापड चिकटवताना घरची खळ वापरतात, तिच्यावर कसर (कागद खाणारी कीड) येते. सुईने कागदाला भोकं पडतात. जर काळी पडून कागदावर डाग उमटतो. साडीचा मूळ रंग, तिच्या चुण्या, ज्यावर त्या छापखान्याने सर्वांत जास्त मेहनत घेतली असेल, तेच सगळं झाकलं जातं. नेमकं तेवढंच गेलं तर उरलं काय? संग्रहाच्या दृष्टीने ही हानीच आहे.

---

कागद_जपणारी

मी कागदाच्या जतनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हिरवी_काच यांनी सांगितलेले धोके खरे आहेत. खळीवर कसर येते, धातूची जर काळवंडते. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

पहिली गोष्ट, ते जरीकाम आता निघतच नाही. शंभरेक वर्षं चिकटलेलं कापड ओढलं की खालची शाई कापडाबरोबर उचलली जाते. म्हणजे मूळ छपाई मिळणार नाही आणि जरीकामही जाईल. 'काढून आणा' म्हणणाऱ्याने ते कधी काढून पाहिलेलं नाही असंच मी म्हणेन.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने मोठी. छापखान्यातून लक्ष्मी हजारोंनी निघाली, सगळ्या सारख्या. शुभदाताईंची लक्ष्मी एकच आहे. छापील देवीला साडी नेसवायची, नथ घालायची, पदराला जर लावायची ही त्या काळच्या बायकांची घराघरातली कला होती. कुणी टिकल्या लावल्या, कुणी मखमल, कुणी मोती. त्या बायकांची नावं कुठल्याही समासात छापलेली नाहीत. त्यांच्या हातचं म्हणून जे उरलंय ते एवढंच. छपाईचा नमुना बघायचा तर साधी प्रत दुसरीकडे मिळेल. ही मिळणार नाही.

आता ताई, काही गोष्टी अजिबात करू नका. ओल्या फडक्याने पुसू नका. लॅमिनेशन नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप नाही, त्याचा डिंक कागदात मुरून तपकिरी होतो. मागची फळी बदलायला कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे देऊ नका. तो नवीन प्लायवूड आणि फेव्हिकॉल लावून देईल. जुन्या फळीतलं आम्ल कागदाला खातंच, पण त्यावर उपाय म्हणजे आम्लरहित माउंटबोर्ड, म्हणजे चित्रामागे लावायचा जाड पुठ्ठा. ते नीट करणारे लोक आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारणा करा.

---

कोल्लापुरी_मिसळ

लई भारी प्रतिसाद ताई! माझ्या आज्जीनं बी अशीच एक नटवलीती, राम-सीता. मारुतीला पण जरीची लंगोट. 😄 आता चुलत्याकडं हाय, उद्याच फोन लावतो.

---

होकायंत्र

धागा चित्रांचा आहे, पण भिंगाचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर, जुन्या नकाशांबद्दल. तपासायची रीत तीच, खुणा वेगळ्या.

अठराव्या शतकातले नकाशे बहुतेक तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले. ओला कागद पत्र्यावर ठेवून जोराने दाबतात, त्यामुळे नकाशाभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी खोलगट ठसा उमटतो. बोटाला लागतो. कोरीव रेषेची शाई कागदावर किंचित उठून असते. कागद उजेडापुढे धरला की हातकागदाच्या साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात. रंग हाताने भरलेला असतो. जुना हिरवा तांब्यापासून केलेला असला तर तो कागद जाळत जातो आणि पाठीमागे तपकिरी सावली उमटते. पुढून सुंदर हिरवा आणि मागून कोरा पांढरा असेल तर मी तरी थांबून विचार करतो.

मुंबईचा माझा सर्वांत आवडता छापील नकाशा फ्रेंच नकाशाकार बेलँ याचा, १७६४ च्या अ‍ॅटलासमधला. मुंबई अजून बेटांची आहे, मधे पाणी आहे. त्याच्या आधुनिक नकला भेटवस्तूंच्या दुकानात ढिगाने मिळतात. भिंतीवर लावायला छानच आहेत, फक्त त्यांना जुनं म्हणून पैसे देऊ नका.

आणि नकाशाप्रेमींनी हिंगणघाटला जाऊन या. १८०२ मध्ये मद्रासहून ज्या महासर्वेक्षणाला सुरुवात झाली, ज्यातून पुढे एव्हरेस्टची उंची मोजली गेली, त्याचा जनक विल्यम लॅम्बटन काम करता करता १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात वारला. त्याचं थडगं तिथे आहे. लंडनचे लोक शोधत येतात आणि आपण हिंगणघाटवरून चंद्रपूरला निघून जातो.

---

मांडवीकाठ

होकायंत्र, गोव्याचं राहिलं की! लिन्शोटेनचा १५९६ च्या पुस्तकातला जुन्या गोव्याचा नकाशा. हा डच माणूस गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून इथे राहिला आणि परत जाऊन सगळं छापून टाकलं. रस्ते, चर्च, मांडवीतली जहाजं, सगळं आहे. पोर्तुगीजांनी दडवून ठेवलेली माहिती अशी बाहेर पडली आणि डच इकडे यायला लागले. एका चिटणिसाने साम्राज्याला लावलेला सुरुंग!

जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. लाकूड आणि हस्तिदंतातलं काम बघायचं तर ते चुकवू नका. आमच्याकडचे कारागीर हिंदू, गिऱ्हाईक ख्रिस्ती, आणि दोन्हींची छाप एकाच लाकडावर.

---

पान_क्रमांक_४७

नकाशांबद्दल एक तक्रार, आणि ती मी प्रत्येक धाग्यावर करणार. सुटे नकाशे येतात कुठून? अख्खे अ‍ॅटलास आणि प्रवासवर्णनं फाडून. पुस्तक एकसंध विकण्यापेक्षा पानं सुटी विकून जास्त पैसे मिळतात, म्हणून जुनी पुस्तकं ब्लेडने कापली जातात. आपण सुटा नकाशा घेतो तेव्हा त्या ब्लेडला पैसे देतो.

---

होकायंत्र

@पान_क्रमांक_४७, तक्रार रास्त आहे. पण शंभर वर्षांपूर्वी सुटा झालेला नकाशा आज कुणी घेतला नाही तर तो रद्दीत जाईल. मी विक्रेत्याला विचारतो, पुस्तक केव्हा सुटं झालं? ताज्या कापाची कड पांढरी दिसते. तसली पानं मी घेत नाही.

---

पान_क्रमांक_४७

कड चहात बुडवली की पांढरी राहत नाही. आपलं जमणार नाही, पण तुम्ही विचारता तरी. बाकीचे तेवढंही करत नाहीत.

---

इराणी_चहा_बनमस्का

लाकडी सामानाबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मी. इराण्याच्या हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची खुर्ची! इराणी बंद पडले आणि त्या मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला आल्या. मूळ कल्पना थोनेत या कारखानदाराची. वाफेवर बीचचं लाकूड वाकवायचं. १८५९ ची १४ नंबरची खुर्ची म्हणजे सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या जायच्या, म्हणून तर ती जगभर पोचली.

बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी किंवा डागलेला शिक्का बघा. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. 'व्हिएन्ना' असून खुर्ची सागवानी असेल, तर ती आपल्याच सुताराने केलीय. माझ्या मते ती कमी नाही, फक्त वेगळी आहे.

आणि कृपा करून जुन्या शिसवी-सागवानी सामानाचं पॉलिश खरवडून चकचकीत मेलामाइन मारू नका. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा लावून बघा. पॉलिश मऊ पडून चिकट झालं तर तो चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे. चपडा तिथल्या तिथे दुरुस्त होतो. एकदा खरवडलं की शंभर वर्षांच्या हाताळणीने आलेली झाक गेली.

---

न्यूजर्सीची_माई

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मला सांगा, सासरची अशीच एक तसबीर इकडे आणायची आहे. बॅगेत कपड्यांमध्ये नीट गुंडाळून आणली तर चालेल ना?

---

कलम_आणि_पोटकलम

माई, थांबा. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदपत्रांना ही मर्यादा ७५ वर्षांची. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यायचा आणि मग न्यायची. कपड्यांत गुंडाळून तर मुळीच नाही.

रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तर वय न बघताच नेता येत नाहीत, कारण १९७९ मध्ये त्यांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळालाय. ती बघायची तर बडोद्याला जा, किंवा साताऱ्याजवळ औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात. औंधचे राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी केवढं जमवून ठेवलंय तिथे!

---

न्यूजर्सीची_माई

बरं झालं विचारलं. मग ती सांगलीलाच राहू दे नणंदेकडे. औंध मात्र या वर्षी नक्की.

---

शुभदा_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग आणलं, काल दुपारी दोन्ही चित्रं उजेडात घेऊन बसले.

लक्ष्मीच्या चेहऱ्यावर भिंगवाला म्हणतात तसेच वेडेवाकडे ठिपके आहेत. गालाजवळ गुलाबी, निळसर, फिकट तपकिरी, सगळे हाताने टिपल्यासारखे. हत्तीच्या सोंडेच्या कडेला रंग थोडा सरकलाय. खाली चौकटीच्या कडेतून इंग्रजी अक्षरं अर्धवट दिसतात: 'रवि वर्मा प्रेस', त्यापुढे 'कार्ला'ची पहिली दोन अक्षरं.

सरस्वतीवर मात्र फुलं फुलं दिसली. सगळीकडे एकसारखी जाळी. चौकट तीच, काच तशीच लहरी, फळी तशीच जुनी, आणि आत नवीन छपाई! फळीवर आधीच्या कागदाच्या कडेचा तपकिरी चौकोन उमटलाय, तो आताच्या चित्राहून मोठा आहे.

मोठ्या आत्याला फोन केला. तिला लख्ख आठवलं. आधीच्या सरस्वतीला वाळवी लागली होती. आजोबांनी ती कृष्णेत विसर्जित केली आणि त्याच चौकटीत नवं चित्र बसवून आणलं, कारण वसंतपंचमीला पूजेला सरस्वती हवीच. 'देव फाटका ठेवतात का गं घरात?' म्हणाली.

---

मळवलीचा_पाव्हणा

'दोन्ही अस्सल, लगेच घेतो' म्हणणाऱ्याने भिंग लावलंच नव्हतं तर! की लावायची गरज वाटली नव्हती?

आत्याबाईंचं बोलणं महत्त्वाचं आहे. हजारोंनी छापलेल्या चित्रांतली इतकी कमी का उरली याचं मोठं कारण तेच. ती पूजेची होती. जीर्ण झाली की नदीत सोडायची आणि दुसरी आणायची. जपून ठेवण्याची वस्तू असं कुणी मानलंच नव्हतं.

---

हिरवी_काच

शुभदाताई, लक्ष्मीबद्दल आनंद झाला. संग्रहासाठी साधी प्रत हवी यावर मी अजून ठाम आहे. पण तुमच्या प्रतीचं जरीकाम काढू नये, हे कागद_जपणारी यांचं म्हणणं मला मान्य. शाई कापडाबरोबर येते हा मुद्दा निर्णायक आहे.

एक विनंती, जरीकामाचा जवळून फोटो काढून ठेवा. टाके कुठले, मणी काचेचे की आणखी कसले, कापड कुठलं. आत्यांना आठवतंय तोवर कुणी कोणता भाग केला तेही लिहून घ्या.

---

शुभदा_वाई

लिहून घ्यायला सुरुवात केलीय. पदराचे मणी पणजीचे, कमळाभोवतीच्या टिकल्या धाकट्या जाऊबाईंच्या. मुकुटाबद्दल आत्या आणि काकूंमध्ये वाद चालू आहे.

कागद_जपणारी, एकच विचारते. चौकट उघडायला जतन केंद्रात जाईपर्यंत काही महिने जातील, मधे पावसाळा आहे. तोवर कुठे ठेवू?

---

कागद_जपणारी

बाहेरच्या भिंतीवर नको, तिला ओल येते. आतल्या भिंतीवर लावा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून दूर. ऊन थेट पडू देऊ नका, ट्यूबलाइटखालीही नको. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फळीमध्ये हवा खेळेल. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर मुळीच ठेवू नका, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. पंधरवड्यातून एकदा खाली उतरवून मागची बाजू बघा. वाळवीची माती किंवा बारीक भुसा दिसला तर तसबीर लगेच बाकीच्या सामानापासून वेगळी करा.

केंद्रात नेताना कापड जिथे कागदावर आलंय तिथे काच टेकतेय का ते विचारा. टेकत असेल तर मधे अंतर ठेवणारी पट्टी घालून घ्या, नाहीतर मणी काचेला घासत राहतील.

---

भिंगवाला

एक सुचवतो. ज्यांच्या घरी अशी चित्रं आहेत त्यांनी खालच्या समासातली ओळ जशी दिसते तशी इथे लिहा: छापखान्याचं नाव, गाव, क्रमांक असेल तर क्रमांक, चित्राचा विषय आणि लांबी-रुंदी. चित्राच्या किमतीबद्दल इथे बोलायचं नाही.

---

तांब्याभांडं

आमचा दत्त: साधारण २० बाय १४ इंच. ठिपके वेडेवाकडे. खाली 'चित्रशाळा' वाचता येतं, पुढचं चौकटीआड आहे. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला होता.

---

शनिवारवाडा_मागे

ठेवा तो खाली! चौकट उघडू नका, पुढे 'पुणे'च असणार. आणि फोटो टाका हो, चित्रशाळेचा दत्त मला बघायचाय.